जादूघराचा सेक्रेटरी

अकोल्यात स्टेशनच्या अंगानं जुन्या जिनिंग फॅक्टऱ्यांकडे एक रस्ता जात असे. त्या रस्त्यावर कडुलिंबांच्या आड एक बुटकी, रुंद इमारत होती. तिला खिडक्या होत्या, पण त्या आतून फळ्या ठोकून बंद केलेल्या. टांगेवाल्याला "लॉजवर चल" म्हटलं तर तो जेवणा-राहण्याच्या लॉजपाशी नेऊन सोडायचा. "जादूघर" म्हटलं की मात्र बरोबर आणायचा. आत माणसाच्या कवटीची पूजा होते, नव्या माणसाला तापल्या सळईनं डागतात, दारावरचा तलवारवाला चुगलखोराचं मुंडकं उडवतो, असल्या गोष्टी मी अकोटहून अकोल्याला शिकायला आलो तेव्हापासून ऐकत होतो. पुढं त्याच जादूघराचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, आणि शेवटचा सेक्रेटरीही मीच. तलवार होती, हे खरं आहे. ती एका रिटायर हवालदाराच्या हातात असायची आणि तिला धार नव्हती.

बाकी आत भिण्यासारखं काही नव्हतं. इंग्रजांच्या काळात कापसाचे व्यापारी आणि रेल्वेचे साहेब यांनी हे बंधुमंडळ, त्यांच्या भाषेत 'लॉज', वऱ्हाडात आणलं. साहेब गेले, मंडळ राहिलं. मी आत गेलो तेव्हा तीसेक सभासद होते: वकील, डॉक्टर, जिनिंगचे मालक, एक बोहरी लोखंडवाले, दोन प्रोफेसर. सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी बैठक. मधल्या टेबलावर पाच धर्मांची पाच पुस्तकं ठेवलेली असायची. ज्यानं त्यानं आपल्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची. शेवटी जेवण, आणि जेवणाआधी पेले उंचावून न आलेल्या बंधूंच्या नावानं एक घोट. दारूबंदी आल्यापासून तो घोट लिंबाच्या सरबताचा झाला होता.

मला तिथं माझ्या सीनियर वकिलांनी नेलं. मी शेतकऱ्याच्या घरचा पहिला वकील. कोर्टात मला ओळखणारं कोणी नव्हतं. सीनियरांनी मला टेबल दिलं, कोट कसा घालायचा ते शिकवलं, आणि वर्षाच्या आत लॉजमध्ये माझं नाव सुचवलं. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून दुसऱ्या वर्षी मला सेक्रेटरी केलं.

घरी बायकोला याचं फार कुतूहल होतं.

"तथी करता काय तुमी?" तिनं विचारलं.

"शपथ घेतली आहे. सांगता येत नाही."

"मंग हे पांढरे हातमोजे मलेच काहून धुवाले देता? त्यायले नाई काय शपथ?"

मी हसलो, पण सांगितलं नाही. खरं म्हणजे सांगण्यासारखं फारसं नव्हतंच.

ढोरांच्या डॉक्टरांची आणि माझी ओळख कोर्टात झाली. एका शेतकऱ्याचा बैल मेला होता आणि शेजाऱ्यानं विष घातल्याचा खटला होता. मी शेजाऱ्याचा वकील. सरकारी ढोर डॉक्टर साक्षीला उभे राहिले. वय माझ्याएवढंच, तिशीच्या आतबाहेर. बारीक अंगाचे, सावळे, पायांत चपला, बोलणं अस्सल वऱ्हाडी. बैल पोटफुगीनं मेला, विषानं नाही, असं मला त्यांच्या तोंडून काढायचं होतं. तासभर मी खोदलं. शेवटी म्हणालो, "म्हणजे तुम्ही खात्रीनं सांगू शकत नाही."

ते म्हणाले, "खात्रीनंच सांगून राहिलो साहेब. पोट मी फाडलं, तुमी नाई."

न्यायाधीशसुद्धा हसले. खटला मी हरलो. संध्याकाळी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते एकटेच उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "डॉक्टर, आज तुम्ही माझं पोट फाडलं." ते लाजले. तिथून आमची दोस्ती झाली.

ते अकोटच्या बाजूच्याच एका खेड्यातले. धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. ते बौद्ध झालेल्या घरातले. वस्तीतले पहिले शिकलेले, पहिले सरकारी नोकर. आम्ही संध्याकाळी मोर्णेच्या काठानं रेल्वे फाटकापर्यंत फिरायला जाऊ लागलो. ते मला बैलांच्या खुरांविषयी सांगत, मी त्यांना न्यायाधीशांविषयी. दोनदा ते माझ्या घरी चहाला आले. आईनं त्यांचा कप वेगळा धुऊन वेगळ्या कोनाड्यात ठेवला. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहायला हवं.

एकदा फाटकाशी मालगाडी जायची वाट पाहत उभे असताना त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, त्या जादूघरात मानसं एकमेकाले भाऊ म्हनते म्हने. खरं हाय काय?"

"खरं आहे."

"आतल्याआत, का बाहेर आल्यावर बी?"

"बाहेर आल्यावरही," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

त्यांनी गाडीचा शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाले, "मले गावात सारे बोलावते. सकाळी बोलावते, दुपारी बोलावते. गोठ्यात बोलावते. पाच वाजल्यावर घरात बस म्हननारं कोनी नाई."

त्यांचं नाव लॉजमध्ये मी सुचवलं नाही. तेवढा धीर मला झाला असता की नाही, सांगता येत नाही. नाव सुचवलं एका जिनिंग-प्रेसिंगच्या म्हाताऱ्या पारशी मॅनेजरनी. त्यांची एक गीर गाय होती आणि वेताच्या वेळी वासरू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ केलं, गाय आणि वासरू दोन्ही वाचवलं. मॅनेजर हिंदीत बोलत. बैठकीत उभे राहून म्हणाले, "इस आदमी ने मेरी गाय बचाई है। चार घंटे ज़मीन पर लेटा रहा। मुझे और कुछ नहीं पूछना।" नावाला अनुमोदन लागतं, ते मी दिलं. सीनियर माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "छान केलंस. अशी माणसं यायलाच हवीत."

नियम असा होता की नाव एका बैठकीत वाचायचं आणि पुढच्या बैठकीत मत घ्यायचं. मधल्या महिन्यात कोणाला हरकत असेल तर त्यानं मास्टरांना, म्हणजे लॉजच्या अध्यक्षांना, एकांतात सांगायचं. आमचे तेव्हाचे मास्टर गावातले नावाजलेले, माणसांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. मॅनेजरनी तेवढ्यात एक काम केलं. टेबलावर बौद्धांच्या धर्माचं पुस्तक नव्हतं, ते त्यांनी नागपूरहून मागवलं आणि खाकी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिलं. ते मी टेबलावर सहावं म्हणून मांडलं.

त्या शनिवारी थंडी होती. दिवस मावळताना डॉक्टर सायकलवर आले. पांढरी पँट, नवा शिवलेला काळा कोट. मत पडून लगेच त्याच संध्याकाळी शपथ द्यायची पद्धत होती, म्हणून नवा माणूस बाहेरच्या खोलीत बसून राही. बाकावर हवालदाराशेजारी ते बसले. हवालदारानं तलवार भिंतीला टेकवून त्यांना स्वतःच्या म्हशीविषयी विचारायला सुरुवात केली होती. मी आत जाताना डॉक्टर हसून म्हणाले, "सळई तापवली काय?"

"तापवली," मी म्हणालो आणि आत गेलो.

मत गोट्यांनी घेत. एक लाकडी पेटी फिरवायची. तिच्यात हात घालून होकारासाठी पांढरी गोटी टाकायची, नकारासाठी काळी. कोणी कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही दिसत नसे. एक काळी निघाली तर हात चुकला असेल असं धरून पेटी पुन्हा फिरवायची. दोन निघाल्या तर तो माणूस नाकारला गेला. कारण विचारायचं नाही, कोणी टाकली हेही विचारायचं नाही, अशी शपथ होती.

मास्टरांनी पेटीचा खण ओढला. त्यांनी आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खण तसाच माझ्यापुढं धरला, कारण नोंद मला करायची होती. दोन काळ्या होत्या.

मास्टर म्हणाले, "नाव स्वीकारलं गेलेलं नाही. सेक्रेटरींनी उमेदवाराला तसं कळवावं."

म्हातारे मॅनेजर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मी उठलो. खोली काही मोठी नव्हती, पण दारापर्यंतचं ते चालणं मला आजही आठवतं. माझ्या बुटांचा आवाज होत होता.

बाहेर डॉक्टर उभे राहिले, कोटाची बटणं लावली. त्यांना वाटलं, बोलावणं आलं.

मी म्हणालो, "आज जरा अडचण झाली. सभासद पुरेसे जमले नाहीत. पुढच्या महिन्यात बघू."

बाहेर भिंतीशी वीसेक सायकली आणि तीन मोटारी उभ्या होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "कोर्टात मले खोटं बोलाले लावाची तुमी तासभर खटपट केली. मी बोललो नाई. आता तुमी काहून बोलून राहिले?"

माझी मान खाली गेली. "दोन विरुद्ध पडली," मी म्हणालो.

"तीसपैकी?"

"एकोणतीस हजर होते."

"मंग सत्तावीस झाले की," ते म्हणाले. त्यांनी हवालदाराला नमस्कार केला, "म्हशीले मीठ देत जा," एवढं सांगितलं आणि सायकल काढली. हवालदारानं तलवार उचलली आणि दाराशी नेहमीसारखा उभा राहिला.

आत जेवण ठरल्याप्रमाणं झालं. न आलेल्या बंधूंच्या नावानं सगळ्यांनी सरबताचे पेले उंचावले. मीही उंचावला. मॅनेजर तेवढे जेवायला थांबले नाहीत. जाताना त्यांनी ते सहावं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. "उसका है। उसको दे देना।"

त्यानंतर पंधरा दिवस डॉक्टर आणि मी फिरायला जातच होतो. त्यांनी तो विषय काढला नाही. लाळ्या-खुरकताची साथ सुरू झाली होती, ते तिच्याविषयीच बोलत. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. रोज ठरवायचो आणि रोज राहायचं. मग अचानक त्यांची चांदूर बाजारला बदली झाली, आणि जाताना भेटही झाली नाही.

मधल्या काळात मी लॉजमध्ये प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसायचो. हा असेल, की तो? जिनिंगवाल्या शेटजींवर माझा संशय होता, कारण ते सोवळ्याचे कडक. बोहरी चाचांवर नव्हता. सीनियरांवर मुळीच नव्हता. मॅनेजर तीन महिने आले नाहीत. आले तेव्हा भर बैठकीत म्हणाले की वर्ष झालं की मी तेच नाव पुन्हा आणणार आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात अमरावतीच्या लॉजनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. परत येताना सीनियर आणि मी बडनेऱ्याला गाडी बदलायला थांबलो. दुपारची वेळ, प्लॅटफॉर्मवर ऊन असं की बाकावर बसवेना. आम्ही पाण्याच्या कोठीच्या सावलीत उभे होतो. महिन्यापूर्वीच सीनियरांच्या मुलीचं लग्न झालं होतं. मी सहज तिची खुशाली विचारली.

"बरी आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "त्यातली एक माझी."

मला कळलंच नाही. "कसली?"

"गोटी."

ते रुळांकडे पाहत बोलत होते. "सोयरीक तेव्हा ठरत होती. पाहुणे जुन्या वळणाचे. आपल्या लॉजचं वर्षातून एकदा सहकुटुंब जेवण असतं, आणि त्या वर्षी ते माझ्या घरी होतं. डॉक्टर बायकोला घेऊन पंगतीत बसले असते, आणि ते लग्नाआधी त्या लोकांच्या कानावर गेलं असतं. डॉक्टरांविरुद्ध माझ्या मनात काही नाही रे. माणूस उत्तम आहे."

"हे तुम्ही मास्टरांना सांगू शकला असतात. जेवण दुसऱ्याच्या घरी ठेवता आलं असतं."

"सांगायची लाज वाटली," ते म्हणाले. "गोटी टाकायला लाज वाटत नाही, कोणी पाहत नाही."

गाडी आली. आम्ही एकाच डब्यात चढलो, समोरासमोर बसलो. अकोल्यापर्यंत ते झोपल्यासारखे डोळे मिटून होते. यानंतरही चार वर्षं मी त्यांच्याच टेबलाशी काम करत राहिलो. मला अशील त्यांच्यामुळे मिळत होते. बायकोला मी सगळं सांगितलं, शपथ मोडून. ती म्हणाली, "मंग आता डाक्टरभाऊच्या घरी जा. इथं बसून मले सांगून काय होते?"

मी ते पुस्तक घेऊन एका रविवारी एसटीनं चांदूर बाजारला गेलो. दवाखान्यामागं सरकारी क्वार्टर होतं, दोन खोल्यांचं. डॉक्टर अंगणात एका शेळीचा पाय बांधत होते. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. त्यांच्या बायकोनं मला भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा वाढला. ती शाळेत मास्तरीण होती आणि बोलायला मागंपुढं पाहत नसे.

पुस्तक मी डॉक्टरांपुढं ठेवलं, मॅनेजरांचा निरोप सांगितला. वर्ष संपत आलं आहे, ते तुमचं नाव पुन्हा देणार आहेत. तुमची संमती हवी.

डॉक्टर काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "यायले मीनं तवाच सांगतलं व्हतं भाऊ, की जथी भाऊ म्हनाले आंधी कोट शिवा लागते तथी जाऊ नका."

डॉक्टर हसले. "मॅनेजरसाहेबाले माहा नमस्कार सांगा. पुस्तक ठेवून घेतो. पन नाव नका देऊ म्हना. मले आता तथी बसाची हौस राहिली नाई. अथी पोस्टमास्तर हाय, त्याच्यासंग बुद्धिबळ खेळतो. तो हरते, पन रोज बोलावते."

मला आणखी एक बोलायचं होतं. मी म्हणालो, "डॉक्टर, एकाचं नाव मला कळलं आहे. त्यानं स्वतःच सांगितलं. तुम्हाला ते कळायला हवं असं मला..."

त्यांनी हात वर केला. "नका सांगू."

"का?"

"मले पुना अकोल्याले याचं हाय. सरकारी नोकरी हाय, आज ना उद्या बदली होईनच. त्याच्या घरून बोलावनं आलं, तर मले जा लागते. मंग तथी मी ढोराकडं पाहू का मालकाकडं?"

त्यांनी शेळीचा पाय पुन्हा हातात घेतला. मी परतीच्या गाडीपर्यंत तिथंच बसलो.

लॉज त्यानंतर फार टिकलं नाही. दोन गोट्यांमुळे बुडालं असं म्हणणं खोटं होईल. जिनिंग विकली गेली आणि मॅनेजर मुलाकडे मुंबईला गेले. मास्टरांना अर्धांगवायू झाला. प्रोफेसर बदलून गेले, नवे लोक क्लबात पत्ते खेळायला जाऊ लागले. एक बैठक अशी झाली की आम्ही सहाच जण होतो आणि हवालदार बाहेर. मग आम्ही लॉजची सनद वरच्या कचेरीला परत करायचं ठरवलं. सेक्रेटरी म्हणून आवराआवर माझ्याकडे आली. खुर्च्या एका शाळेला दिल्या. तलवार पोलीस ठाण्यात जमा करायला गेलो, तर ठाणेदारानं तासभर मला बसवून ही कोणत्या गुन्ह्यातली असं विचारलं. वरच्या कचेरीनं लॉजचा इतिहास लिहून मागितला. मी दीड पान लिहून पाठवलं. त्यात स्थापना होती, मास्टरांची नावं होती, दुष्काळात दिलेलं धान्य होतं. आज इथं लिहितो आहे ते नव्हतं.

इमारत नगरपालिकेनं घेतली आणि तिथं बायकांचा शिवणवर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी अर्धं गाव जादू पाहायला लोटलं. खिडक्यांच्या फळ्या काढल्या होत्या. आत उजेड पडला, तर काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आणि उघड्या भिंती. माझी बायकोही गेली होती. घरी येऊन म्हणाली, "फरशी चांगली हाय. झाडाले सोपी." तिचं कुतूहल तिथं संपलं.

डॉक्टर बढतीवर अकोल्याला परत आले तेव्हा लॉज बंद होऊन वर्ष झालं होतं. आमचं फिरणं पुन्हा सुरू झालं. सीनियरांनी तोपर्यंत वकिली कमी केली होती. गावाबाहेर मळा होता, तिथंच ते जास्त राहत. एका सकाळी त्यांचा गडी माझ्या दारात आला. गाय व्यायली होती, पण वार अडकली होती आणि गाय उठत नव्हती. सीनियरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: "तुझे डॉक्टर येतील का, विचार."

मी डॉक्टरांकडे गेलो. कोणाचा मळा, ते सांगितलं. ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेटी सायकलला बांधली आणि निघाले, मी मागोमाग.

दीड-दोन तास ते गोठ्यात होते. सीनियर दाराशी उभे. काम झाल्यावर सीनियरांनी गड्याच्या हातून बादली घेतली आणि स्वतः डॉक्टरांच्या हातांवर पाणी घालू लागले. सत्तरीच्या माणसाला बादली जड होती, पाणी सांडत होतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची."

डॉक्टर साबण लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "आंधी गाईले गूळ-पानी द्या साहेब," ते म्हणाले. "कोमट द्या. बाकी मंग सांगा."

सीनियर गूळ आणायला आत गेले. गाईचं गूळ-पाणी घेऊन ते बाहेर आले तेव्हा बायकोही बरोबर होती. तिच्या हातात चहाचे चार कप होते. आम्ही चौघं गोठ्यापुढच्या बाजेवर बसून चहा प्यालो. सीनियरांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही आणि डॉक्टरांनी विचारली नाही. बोलणं झालं ते सरकीच्या पेंडीविषयी. अर्ध्या तासानं गाय उठून उभी राहिली.

दुसरी गोटी कोणाची, ते मला आजवर कळलेलं नाही.

मळ्यातून बाहेर पडल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला कळलं होतं का?"

ते सायकलच्या साखळीत अडकलेलं गवत काढत होते. "तुमी कोर्टात लय साक्षीदार पाह्यले असतीन," ते म्हणाले. "पन तुमचं सोताचं तोंड तुमाले दिसत नाई." मग ते बाळापूरच्या रस्त्याला लागले. त्यांना तिकडे अजून दोन म्हशी पाहायच्या होत्या.